आधी बोटं, मग पाना

माझ्या दुकानाच्या काउंटरवर, डाव्या कोपऱ्यात, होडीच्या जुन्या मशीनचं एक हेड, म्हणजे प्लग बसतो तो वरचा लोखंडी ठोकळा, पडलेलं असतं. भंगारात जायचं ते राहून गेलं. लोकांना वाटतं, कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय. परवा एका गिऱ्हाइकाने त्यात बसवलेल्या गंजक्या प्लगला सहज हात घातला, तेव्हा मी असा काही खेकसलो की बिचारा इंडिकेटरचा बल्ब घ्यायला आला होता, तो न घेताच गेला. नंतर माझं मलाच वाईट वाटलं. पण तो प्लग चांगुणाबायने बसवलेला आहे आणि तो तिथून हलवू द्यायची माझी तयारी नाही.

दुकान माहीमला, बाजाराच्या तोंडाशी. गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी नायगावच्या चाळीतून रोज पायी येऊन ते उभं केलं. स्कूटरचे, मोटरसायकलचे आणि कोळीवाड्यातल्या लहान होड्यांच्या मशीनचे पार्ट आम्ही ठेवतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मशीनचे पट्टे टांगायचे आकडे, आणि त्याखाली मी. माझा स्वभाव कडू आहे असं बायको म्हणते. दिवसभर ‘हा पार्ट जरा स्वस्तातला दाखवा’ ऐकून कोणाचा राहील गोड!

चांगुणाबाय पहिल्यांदा आली ती म्हावरं विकून, रिकामी पाटी काखेला लावून. काळी, उंच, नाकात मोठी नथनी, कपाळ मोकळं. होडीच्या मशीनचा प्लग मागितला. मी डबी उघडून तिच्या हातावर प्लग ठेवायला गेलो आणि तो निसटून फरशीवर पडला. मी उचलला, शर्टाला पुसला आणि पुन्हा तिच्यासमोर धरला.

“ह्यो नको. दुसरा दे.”

“अहो बाई, काय झालंय त्याला? बघा, एक टवका नाही उडालेला.”

“वरून नाय दिसत. चीर आत जाते. दादूस, ह्यो स्कूटरवाल्याला दे. स्कूटर बंद पडली तर मानूस रस्त्यावर उतरून ढकलंल. दर्यात उतरून काय ढकलनार?”

मला राग आला. माझ्या दुकानात येऊन मलाच शिकवते! पण वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तिने पाटी खाली ठेवून काउंटरला कोपर टेकलं होतं, आणि मासळीबाजारातल्या बाईने कोपर टेकलं की समोरच्याने माघार घ्यायची असते. मी दुसरी डबी काढली. तिने प्लग स्वतः बाहेर काढला, उजेडात धरून टोकाशी फट किती आहे ते पाहिलं, पांढऱ्या चिनी मातीवरून अंगठा फिरवला आणि मग पदराच्या टोकात बांधून घेऊन गेली. पडलेला प्लग माझ्याकडे राहिला. तो मी विकला नाही. का ते माहीत नाही. विकवला नाही एवढं खरं.

मग ती येतच राहिली. कधी एक प्लग, कधी जोडी. दर वेळी दुसऱ्या मशीनचा. हिच्या घरी आहेत तरी किती होड्या, असा मला प्रश्न पडायचा. तिची स्वतःची एकही नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. कोळीवाड्यात कुणालाही प्लग हवा असला की तो तिच्याबरोबर यायचा, नाहीतर तिलाच पाठवायचा. जुना प्लग ती हातात घेऊन यायची आणि त्याच्या टोकाचा रंग बघून मालकाची कुंडली मांडायची. टोक चहासारखं तपकिरी असलं तर नाखवा शहाणा. काळं कुळकुळीत असलं तर तो आळशी, कारण ही मशिनं पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर टाकतात, आणि किनाऱ्याला लागण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचा कंटाळा केला की प्लग काजळी धरतो. माणसांनाही ती तेच माप लावायची. तिचा जावई म्हणजे ‘वला प्लग’. त्याच्यात कितीही पेट्रोल ओता, पेटायचं नाव नाही. मला म्हणायची, “तुजी गॅप वाडलीय, दादूस. उगाच फटफट करतोस.” वर पुड्यात बांधलेला जवळा काउंटरवर ठेवायची, म्हणजे मला काही बोलता येऊ नये.

ते भंगारातलं हेड तिनेच कामाला लावलं. झालं असं, की बाळू नाखवा म्हणून एक जण आहे. पिळदार मिशा, दंड माझ्या मांडीएवढे. तो नव्या मशीनचं हेड खराब करून घेऊन आला. प्लग वाकडा घुसवून वरून पान्याने ताकद लावली होती. आतल्या आट्यांचा भुगा झाला होता. त्याला नवीन हेड हवं होतं. चांगुणाबाय तिथेच उभी होती. तिने ते हेड बघितलं आणि बाजारातल्या चार माणसांसमोर त्याचा असा उद्धार केला की बाळूच्या मिशा खाली आल्या. मग माझ्या अडगळीतलं हे हेड काउंटरवर आपटून म्हणाली, “बसव. माज्यासमोर बसव. पान्याला हात लावलास तर बोटा तोडीन.”

बाळूने प्लग धरला.

“दोन बोटांनी. लुगड्याच्या निऱ्या धरतात तसा. फिरव. अडला? काड. परत लाव. आटा आट्यात बसला की तो आपनच जातो, बायको माहेरी जाते तसा. जबरदस्ती नाय करायची. गेला? तळाला टेकला? आता बघ, ह्यो वायसर.”

नव्या प्लगच्या गळ्यात पत्र्याचा जो वायसर असतो, तो फुगीर असतो. बोटांनी प्लग कितीही फिरवला तरी फुगीरच राहतो आणि नखाने ढकलला तर हलतो. पाना लावून पाव वळसा दिला की तो दबून चपटा होतो आणि मग जन्मात पुन्हा फुगत नाही. हे सगळे मेकॅनिक जाणतात. पण ते कुणाला समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. चांगुणाबाय पडायची.

“वायसर दबला की थांबायचा. दबला नाय तर प्लग ढिला, हवा जाते, मशीन जलते. लय दाबला तर हेड गेला. आदी बोटा, मग पाना. काय?”

“आदी बोटा, मग पाना,” बाळू शाळेतल्यासारखा म्हणाला.

“आनि पाना?”

“दोरीनं मशीनला बांदायचा.”

पान्याच्या दोरीचं तिला वेडच होतं. प्लग घ्यायला येणाऱ्याला ती आधी विचारायची, पाना बांधलाय का. नसला तर माझ्याकडचा सुतळीचा गुंडा उचलून तुकडा तोडून द्यायची. सुतळी माझी, दानधर्म तिचा.

एका नारळी पौर्णिमेला बाळूने आग्रहाने मला कोळीवाड्यात नेलं. होड्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या, बायका नटूनथटून ताटं घेऊन निघालेल्या. मोसम सुरू होतो म्हणून मशीनलाही नवे प्लग घालतात आणि जादा प्लग ताटात ठेवून त्यांची पूजा करतात, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. हळदकुंकू, अक्षता, वर नारळाच्या पाण्याचं शिंपण. आणि या सगळ्या घोळक्याच्या मागून, साध्या लुगड्यात, हातात कोरडं फडकं घेऊन चांगुणाबाय. ती ताटातून प्लग उचलायची, पुसून कोरडा करायची आणि डबीत घालायची. मशीनच्या वरच्या झाकणावरच्या कुंकवाला ती बोट लावत नव्हती. फक्त प्लग.

बाळूची आई ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा बदलला. “चांगुने, काय करतंस? सनाच्या दिवशी कुंकू पुसतंस? तू?”

त्या ‘तू’मध्ये काय होतं ते मलाही कळलं. नवरा गेलेल्या बाईने, आजच्या दिवशी, होडीवरचं कुंकू पुसायचं. भोवतालच्या बायका होत्या तिथे थांबल्या. ढोलकीवाला तेवढा वाजवत राहिला, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

चांगुणाबायने फडकं थांबवलं नाही. “माजा पुसला गेला तेवडा बस झाला, वैनी,” ती म्हणाली. “तुमचा रावावा म्हनून पुसतंय.”

बाळूची आई पुढे झाली. तिने ताटातला दुसरा प्लग स्वतः उचलून चांगुणाबायच्या हातात दिला. मी समुद्राकडे बघत उभा राहिलो. माझ्यासारख्या कडू माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

परत येताना बाळूने सगळं सांगितलं. तिचा नवरा, काशिनाथ नाखवा, अशाच एका नारळी पौर्णिमेनंतर जाळं टाकायला एकटा गेला होता. जोडीदार तापाने पडला होता, म्हणून एकटा. जायचंही लांब नव्हतं. होडी दुसऱ्या दिवशी सापडली, इकडच्याच बाजूला, पाण्यावर नुसती हलत. काशिनाथ मिळाला नाही. मशीनचं झाकण काढून ठेवलेलं होतं, जुना काळा प्लग फळीवर होता आणि त्याच्या जागी पूजेतला नवा प्लग लावलेला होता. चांगुणाबायने स्वतः कुंकू लावून, नारळाचं पाणी शिंपडून दिलेला. जाळं होतं, जेवणाचा डबा होता, पाण्याचा कॅन होता. प्लगचा पाना मात्र नव्हता. होडी किनाऱ्याला ओढली तेव्हा गर्दीतला कुणी मेकॅनिक बोलून गेला, “कुंकवानं चिनी माती भिजवल्यावर करंट खालीच पळनार. मशीन काय चालू होनार!”

ती तिथेच उभी होती.

तो मेकॅनिक कोण, हे आज कुणाला आठवत नाही. कदाचित त्यालाही आठवत नसेल. मला अशा माणसांचा मनापासून राग येतो. मनात आलं की बोलून मोकळे होतात आणि चहा प्यायला जातात. दुसरं माणूस मात्र जन्मभर ते वाक्य घेऊन बसतं. चांगुणाबायने होडी विकून टाकली आणि त्यानंतर ती प्लग शिकली. तिला कुणाला मागे टाकायचं नव्हतं, मशिनं दुरुस्त करायची नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी लावलेल्या कुंकवाने माझा माणूस मारला का. त्यासाठी ती मेकॅनिकांच्या दारात बसली, शिव्या खाल्ल्या, विचारत राहिली. कोणी म्हणे होय, कोणी म्हणे छे. दरम्यान तिला सगळं यायला लागलं आणि आख्खा कोळीवाडा तिला प्लग दाखवायला लागला. पण तिचा प्रश्न होता तिथेच होता.

हे समजल्यावर मला तिच्याशी नेहमीसारखी थट्टा करता येईना. तिने ते ओळखलं. “बाल्यानं सांगितला ना तुना?” एवढंच म्हणाली. मी मान हलवली. “बरा झाला. मना सांगायला लागला नाय,” म्हणाली आणि सुतळीचा तुकडा तोडून घेऊन गेली.

मग मधे बरेच दिवस ती आली नाही. बाळूकडून कळलं की पोटात गाठ आहे, परळच्या हॉस्पिटलात फेऱ्या चालू आहेत. मी भेटायला जाईन जाईन म्हणत होतो, तेवढ्यात एका दुपारी तीच दुकानात आली. बरोबर तिची मुलगी सुगंधा. ती औषधाच्या दुकानाकडे गेली आणि चांगुणाबाय काउंटरला धरून उभी राहिली. नथनी तेवढी पूर्वीची राहिली होती, चेहरा तिच्यामागे लहान झाला होता. मी स्टूल दिलं. ती बसली नाही. पदरातून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याचा तुकडा, सुतळीने बांधलेला. सुतळी माझ्याकडचीच असावी.

“ह्यो नाखव्याचा.”

मी काउंटरवरची जागा मोकळी केली.

“दिरानं मशीनमधून काडून दिला तवाच बांदला. मग कदी सोडला नाय. देवाच्या मागं ठेवला होता. मी सगल्या कोलीवाड्याचा प्लग बघितला, दादूस. ह्यो नाय बघवला. गाठीला हात लावला की परत ठेवून द्याची.”

“मग आता कशाला, बाय?”

“आता जायचा हाय. तिकडं त्यांच्यासमोर उभी रावन तवा काय सांगू?” तिने गाठोडं माझ्याकडे सरकवलं. “कोनाला विचारू? कोलीवाड्यातल्या बाया बोलतील, कुंकू कदी कोनाचा वायट करत नाय. पोर बोलंल, आई, तू नको इचार करू. तू पूजा करत नाय. तुना कुंकवाची भीड नाय. तू बघ आनि खरा सांग. माज्या कुंकवानं त्यांचा करंट अडला का?”

गाठ मी सोडली. तिने तोंड बाजाराकडे वळवलं होतं. प्लग गंजला होता, मिठाने खाल्ला होता. पण चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत कुंकवाचा ओघळ तसाच होता, सुकून काळपट पडलेला. नारळाच्या पाण्यात कालवलेलं कुंकू असंच उतरतं. करंटाला बाहेरून खाली उतरायला याहून सोपी वाट कुणी आखून दिली नसती. खोटं बोलायचं मी ठरवलं. म्हणायचं, काही नाही, ठणठणीत आहे प्लग. ती ओळखेल, पण निदान मी म्हटलेलं असेल.

शब्द जुळवत मी प्लग बोटात फिरवत होतो आणि माझं नख वायसरला लागलं. वायसर हलला.

मी प्लग दारातल्या उन्हात नेला. पुन्हा बघितलं. वायसर गंजलेला होता, पण फुगीर होता. सगळीकडून गोल. कुठेही दबलेला नव्हता.

“बाय,” मी म्हणालो. “वायसर बघ.”

ती वळली नाही. मी प्लग तिच्या हातात ठेवला. तिने डोळे मिटूनच तो घेतला. जो अंगठा इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्लगवरून फिरला, तो पहिल्यांदा या प्लगवरून फिरला. वायसरशी आला, थांबला. तिने नखाने तो ढकलला. पुन्हा ढकलला. मग डोळे उघडले.

“पाना लागलाच नाय.”

“नाही.”

“म्हंजे त्यांनी दोरी वडलीच नाय.”

“नाही, बाय. ढिल्या प्लगवर कुठला नाखवा मशीन चालू करायची दोरी ओढेल? हा प्लग कधी पेटवूनच बघितला नाही. त्यांनी बोटांनी बसवला आणि मग...”

होडीत सगळं होतं, पाना तेवढा नव्हता. पाना लावायला ते मागच्या बाजूला पाण्यावर वाकले असणार, आणि पाना हातात असतानाच गेले असणार. हे तिला सांगायची गरज नव्हती. पाना दोरीने बांधायचा तिचा हट्ट कुठून आला होता ते मला तेव्हा नीट कळलं.

“माजा कुंकू नव्हता,” ती म्हणाली. मग पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शब्द फुटेना आणि ती काउंटरवर डोकं टेकून रडली. मी आतापर्यंत बाजारातल्या बायांना भांडताना रडलेलं पाहिलंय, मयताला रडलेलं पाहिलंय. हे रडणं तसं नव्हतं. आवाजच येत नव्हता. फक्त पाठ हलत होती. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एवढी वर्षं! एकदा गाठ सोडली असती, एकदा नख लावलं असतं, तर तिची तिलाच कळणारी गोष्ट होती. सगळ्या कोळीवाड्यात ही गोष्ट तिच्याइतकी चटकन कुणाला कळली नसती. आणि तोच एक प्लग तिने बघितला नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं. “आदी बोटा,” ती म्हणाली. “ह्यो त्यांचाच बोल, दादूस. त्यांनीच मना शिकवला होता, लगीन झाला तवा, हसत हसत. मी पुडं सगल्यांना माजा म्हनून सांगितला.”

मग तिने ते भंगारातलं हेड स्वतःकडे ओढलं.

मला कळलं. तिच्या हातातल्या प्लगच्या आट्यांवर मी तेलाचे थेंब सोडले. तिने तो दोन बोटांत धरला, भोकावर टेकवला, फिरवला. गंजामुळे अडला. तिने काढला, पुन्हा लावला. जबरदस्ती केली नाही. हळूहळू तो आत गेला आणि तळाला टेकला. मी प्लगपाना तिच्यासमोर ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. ताकद राहिली नव्हती. मी हेड घट्ट दाबून धरलं, पान्याला मात्र हात लावला नाही. ती सगळं अंग घेऊन वाकली. पाना जरासा वळला. गंजलेला वायसर दबताना मला माझ्या तळहाताला हेडमधून जाणवला.

“बसला,” ती म्हणाली.

पाना तिने मला परत दिला नाही. सुतळीचा तुकडा तोडून तो हेडला बांधला, दोन गाठी मारल्या आणि मग सोडला.

पावसाळा सरायच्या आत चांगुणाबाय गेली. मी गेलो होतो कोळीवाड्यात, पण ते मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती त्या दुपारची चांगुणाबाय. औषधं घेऊन परतलेली सुगंधा टॅक्सी थांबवायला पुढे गेली होती. चांगुणाबायने काउंटरवरचा लुगड्याचा तो रिकामा तुकडा उचलला आणि त्याने घामेजलेलं, रडलेलं तोंड पुसलं, डोळे पुसले, कपाळ पुसलं. मग तो कमरेला खोचून ती पायरी उतरली. बाजारात ऊन होतं. कुणाचा तरी धक्का लागला म्हणून ती वळली, आणि मला दिसलं, की त्या कापडात इतकी वर्षं राहिलेलं कुंकू तिच्या मोकळ्या कपाळावर पुसटसं लागलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारली नाही. तशीच ती टॅक्सीत बसून घरी गेली.